गळ्यातून गळ्याकडे

पाच नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. या दिवशी ठिकठिकाणी नटराजाचे पूजन होते, सांगलीत ज्येष्ठ रंगकर्मीला विष्णुदास भावे यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते, नाट्यगृहांत दोन शब्द बोलले जातात. आपल्या झाडीपट्टीत मात्र हा दिवस निराळ्याच लगबगीत येतो. हलका धान कापून झालेला असतो, भारी धानाच्या लोंब्या बांध्यांतून पिवळ्या पडत असतात आणि दिवाळीची भाऊबीज उजाडली की गावोगावी मंडई भरू लागते. मंडई म्हटली की नाटक आलेच. सोयरेधायरे येतात, लेकी माहेरी येतात, उपवर मुलामुलींच्या सोयरिकीही याच दिवसांत जुळतात आणि रात्री दहाच्या सुमारास गावाबाहेरच्या मंडपात पडदा वर जातो, तो पहाट फुटेपर्यंत. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, चंद्रपूरच्या ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीपासून गडचिरोलीच्या आरमोरी, कुरखेड्यापर्यंत, हा हंगाम धानाच्या हंगामाइतकाच ठरलेला आहे. रंगभूमी दिनाचे निमंत्रण आपल्याकडे कोणी छापत नाही, तरी तो आपल्याइतका खराखुरा क्वचितच कुठे साजरा होत असेल.

हंगामाच्या तोंडावर आपण मंडप पाहतो, पडदे पाहतो, यंदा कोणत्या कंपनीचे कोणते नाटक गावात येणार याची चौकशी करतो. या गडबडीत घटकाभर थांबून आणखी एक चौकशी करायला हवी. याच रंगमंचावर जे पहिल्यांदा उभे राहिले, पहिल्यांदा गायले, त्यांचे काय उरले? आणि त्यांची नाटके आज कोणी पुन्हा उभी करायची म्हटली, तर ती कशाच्या आधारावर उभी राहतील?

मराठी नाटक जन्मापासून गात आले आहे. १८४३ साली पाच नोव्हेंबरला सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा गाण्याचा सगळा भार सूत्रधारावर होता. पात्रे प्रसंग पाहून बोलत, कथा पुढे नेत ती सूत्रधाराची पदे. पुढे १८८० च्या ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणले आणि पद पात्राच्या स्वतःच्या तोंडी आले. मोरोबा वाघुलीकर, बाळकोबा नाटेकर ही त्या पहिल्या संचातली नावे. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले. बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर त्यात सुभद्रा झाले आणि पुढची अनेक वर्षे महाराष्ट्राने सुभद्रा म्हणजे भाऊराव असेच मानले.

हे भाऊराव १९०१ साली गेले. आपल्या देशात ग्रामोफोनसाठी पहिले ध्वनिमुद्रण झाले ते कलकत्त्यात, १९०२ साली. मधले अंतर उणेपुरे एक-दोन वर्षांचे, पण तेवढ्या अंतरात एक अख्खा गळा कायमचा हरवला. ज्या आवाजासाठी लोक गाड्या जुंपून रात्र-रात्र प्रवास करत, त्याचा एक सूरही कोणत्या तबकडीवर नाही. आज आपण भाऊरावांविषयी जे जाणतो ते त्यांना ऐकलेल्यांच्या आठवणींतून, आणि त्याहून अधिक, त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्यांच्या गाण्यातून.

कारण ती जागा रिकामी राहिली नाही. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा, पुढे बालगंधर्व म्हणून ओळखला गेलेला, सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला आणि शकुंतला म्हणून प्रेक्षकांपुढे उभा राहिला. त्याच्यासमोर बसलेल्या अनेकांच्या कानांत अजून भाऊरावांची शकुंतला होती. आज आपण बालगंधर्वांना मूळ मानतो, त्यांच्या पदांवरून मागून आलेल्यांचे माप काढतो, तेव्हा ही गोष्ट सहज नजरेआड होते की त्यांचा पहिला प्रवेश हाच कोणाच्या तरी रिकाम्या जागेवरचा प्रवेश होता. त्यांनी भाऊरावांची नक्कल केली नाही. भूमिका घेतली, चाली घेतल्या, त्यांत आपला स्वभाव मिसळला. आणि पुढे १९११ च्या ‘मानापमाना’त, १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भामिनी आणि रुक्मिणी आपल्या गळ्याच्या करून टाकल्या. त्यानंतर ‘मानापमान’ जितक्या वेळा उभे राहिले, अगदी २०२५ साली पडद्यावर आले तेव्हाही, बालगंधर्वांची आठवण निघाल्यावाचून राहिली नाही. पण ‘मानापमान’ थांबलेही नाही.

बालगंधर्वांच्या तबकड्या आहेत. त्या ऐकताना आपल्याला धन्यता वाटते, आणि ती रास्तच आहे. तरीही हे विसरता येत नाही की तबकडीच्या एका बाजूला मावत होते ते जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. रंगमंचावर तेच पद ‘वन्स मोअर’ घेत, नव्या नव्या जागा दाखवत, प्रेक्षकांच्या श्वासाबरोबर कितीतरी वेळ चाले. न्यूयॉर्कमध्ये १९४३ साली ‘ओक्लाहोमा!’ या संगीतिकेच्या पहिल्या संचाचे गाणे त्याच नटांकडून ध्वनिमुद्रित करून विकले गेले आणि तिथे मूळ संचाचा आवाज जपून ठेवण्याची रीतच पडली. ती रीत आपल्याकडे असती तर पुष्कळ वाचले असते, यात शंका नाही. पण आपल्याकडे नाट्यसंगीत आजवर जगले ते मुख्यतः माणसांमुळे. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी लोकांची आवड बदलत असताना ही नाटके खेळती ठेवली, त्यांच्या मुलींनी ती पुढे नेली. म्हणून ‘सौभद्र’ नुसते पाठ्यपुस्तकातले नाव होऊन बसले नाही.

या साऱ्याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या विदर्भाच्याच मातीतला आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. त्यातला खाँसाहेब रंगमंचावर पहिल्यांदा उभा करणारे वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे आणि वाढले नागपुरात. १९६७ च्या डिसेंबरात नाट्यसंपदेने हे नाटक आणले. जितेंद्र अभिषेकींचे संगीत, वसंतरावांबरोबर प्रसाद सावकार, फैयाज असा तो पहिला संच. नाटकाची कथाही नेमकी हीच आहे. आपली विद्या घराण्याच्या कुलपात ठेवू पाहणारा एक गवई आणि ती विद्या लपूनछपून का होईना, पण मिळवायचीच असा ध्यास घेतलेला एक शिष्य. गळ्यात कोंडलेली विद्या गळ्याबरोबरच मरते, हे दारव्हेकरांनी रंगमंचावर लखलखीत मांडले. वसंतराव १९८३ साली गेले. पुढे अनेक वर्षे लोक म्हणत, आता ‘कट्यार’ नको. खाँसाहेब एकदाच होऊन गेला. मग २०१० च्या सुमारास त्यांचा नातू राहुल देशपांडे त्याच भूमिकेत उभा राहिला. आजोबांची ध्वनिमुद्रणे घराघरांत होती. प्रेक्षक प्रत्येक तान पारखून घेणार हे त्याला ठाऊक होते. त्या पारखीतून तो उतरला आणि २०१५ साली ‘कट्यार’ चित्रपट होऊन आली तेव्हा, आयुष्यात कधी संगीत नाटकाच्या मंडपात पाऊल न टाकलेली तरुण पोरे ती पदे गुणगुणू लागली. मूळ नटाला यात काही उणेपणा आला का? उलट, ज्यांना वसंतराव नुसते नावाने ठाऊक होते, त्यांनी त्यानंतर त्यांच्या जुन्या तबकड्या शोधून ऐकल्या.

आता आपल्या अंगणाकडे वळू. झाडीपट्टीच्या रंगभूमीचे मूळ संगीत नाटकापेक्षाही जुने आहे. दंडार, खडीगंमत, डहाका हे आपले घरचे खेळ. ढोलकी, डफ, तुणतुण्याच्या साथीने रात्र जागवणारे आणि बायकांची सोंगे पुरुषांनी घेऊन नाचणारे. किर्लोस्करी नाटकाची लाट विदर्भात आली ती या तयार जमिनीवर. पेटी आली, तबला आला, पडदे आले. पौराणिक, ऐतिहासिक नाटके गावच्या शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी, सुतारालोहारांनी बसवली. दिवसा नांगर आणि रात्री तालीम. ज्याचा गळा गोड त्याने नायिका व्हायचे, ज्याचा आवाज खडा त्याने राजा, आणि ज्याच्या घरी पेटी त्याच्या ओसरीवर तालीम. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी दंडारीचा आणि झाडीबोलीचा मागोवा घेतला नसता, तर यातले पुष्कळसे आज कोणाच्या गावीही नसते.

मग हळूहळू गावच्या हौशी मंडळांबरोबर व्यावसायिक कंपन्या आल्या आणि वडसा ही झाडीपट्टीची नाट्यपंढरी झाली. देसाईगंज हे त्याचे सरकारी नाव, पण नाटकवाल्यांच्या तोंडी वडसाच. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी गडचिरोली जिल्ह्यात या एकाच गावाला शिवत आली, म्हणून नागपूरकडच्या नटनट्या येथे उतरत, आणि म्हणून कंपन्यांची कार्यालयेही येथेच थाटली. हंगामापूर्वी गावोगावची मंडळे वडशाला येऊन तारखा घेतात, नाटक ठरवतात. बांधीत मंडप पडतो, प्रेक्षक तणसावर सतरंज्या, घोंगड्या अंथरून बसतात, थंडी वाढेल तशी मुले आयांच्या शालींत शिरतात आणि रंगमंचाशेजारी पेटीवर बसलेला माणूस पहाटेपर्यंत हात उचलत नाही. नट स्वतः गातो. पद रंगले की टाळ्या पडतात आणि पुन्हा गाण्याची मागणी होते. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतली संगीत नाटके एकेक करून बंद पडत असताना नाटक आणि गाणे यांची ही गाठ आपण सुटू दिलेली नाही, हे अभिमानाने सांगावे असे आहे.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्यातल्या प्रत्येकाला ती आपल्याच गावाला मिळाल्यासारखी वाटली. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशेच्या घरात भूमिका, असे त्यांच्या कामाचे मोजमाप सांगितले जाते. नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्येचे दुःख याच रंगमंचावर आणले आणि मंडईतल्या प्रेक्षकाला हसवता हसवता रडवलेही. हे दोघे आपल्या समोर आहेत, त्यांची नोंद झाली. पण त्यांच्याआधीचे? ज्यांनी या गावांत पहिल्यांदा सुभद्रा, सिंधू, तारामती उभ्या केल्या, मिशा काढून लुगडे नेसले आणि दुसऱ्या दिवशी त्याच चेहऱ्याने बाजाराला गेले, त्यांची नावे आज फक्त त्यांच्या गावातल्या म्हाताऱ्यांना आठवतात. त्यांच्या कोणत्याही तबकड्या निघाल्या नाहीत. बहुतेकांचे फोटोदेखील नाहीत. भाऊरावांच्या वाट्याला जे आले ते आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांच्याच वाट्याला आले.

एक छोटी वस्तू हातात घेऊन पाहू. जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक किंवा एखाद्या पेटीवाल्याने स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलेली पदांची वही. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात राग लिहिलेला असतो, ताल लिहिलेला असतो आणि शेजारी ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन शब्द. किर्लोस्करांच्या काळापासूनची ही पद्धत. कधी साकी, कधी दिंडी, कधी लावणी, कधी कानडी पदाची चाल. लिहिणाऱ्याला वाटले, एवढी खूण पुरे, चाल तर सगळ्यांनाच पाठ आहे. आज ते मूळ गाणे कोणाला येत नाही. मग पुस्तक समोर उघडे असूनही पद मुकेच राहते. राग सांगतो कोणत्या सुरांत फिरायचे, ताल सांगतो पाय कोठे टेकवायचा. पण कोणत्या शब्दावर थांबायचे, कोणत्या ओळीवर प्रेक्षकाकडे पाहायचे आणि कोठे पेटीला एकटी सोडायची, हे वहीत कोठेच नसते. ते त्या पेटीवाल्याच्या बोटांत असते. तो पेटीवाला गेला की वही शाबूत राहते आणि नाटक जाते.

म्हणून एखादे नाटक पुन्हा उभे करणे म्हणजे जुने नेपथ्य रंगवून घेणे नव्हे, हे आपल्याला मान्य करावे लागेल. आपल्याकडे याबाबतीत दोन टोकांचे आग्रह दिसतात. जुन्या जाणत्यांना वाटते, आज मंडपात जे चालते ते नाटकच नव्हे. मध्येच घुसवलेली नाचगाणी, कर्कश वाद्ये, सिनेमाच्या चाली, यांत पूर्वीची रंगत कोठे? नव्या मंडळींना वाटते, लोकांना जे हवे ते द्यावे लागते, तिकिटे विकली गेली नाहीत तर पुढच्या वर्षी तारीखच मिळणार नाही. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. झाडीपट्टीची रंगभूमी एवढी वर्षे टिकली ती बदलत राहिल्यामुळेच. दंडारीने नाटकाला वाट दिली, पुरुषांच्या जागी बायका आल्या, कंदिलाच्या जागी विजेचे दिवे आले, पेटीशेजारी ऑक्टोपॅड येऊन बसला. करोनाच्या काळात पडदाच उघडला नाही आणि कलावंतांच्या घरच्या चुली थंडावल्या. तरी दुसऱ्या वर्षी मंडप पुन्हा पडले. अशा रंगभूमीला जुन्या चाकोरीत बांधून ठेवण्याचा आग्रह धरणे म्हणजे तिच्या स्वभावाविरुद्ध जाणे.

पण बदलायचे तरी कशाला धरून, हा प्रश्न उरतोच. बालगंधर्वांना भाऊरावांची शकुंतला मिळाली म्हणून त्यांना स्वतःची शकुंतला घडवता आली. राहुल देशपांड्यांना आजोबांचा खाँसाहेब ऐकायला मिळाला म्हणून आपला खाँसाहेब त्याच्यापासून कोठे वेगळा करायचा हे ठरवता आले. धरायला काही असेल तरच सोडायचे काय ते कळते. आपल्या तरुण नटांना आपण धरायला काय देतो? बहुतेकांना सिनेमातले गाणे ठाऊक असते, गेल्या हंगामातले गाजलेले नाटक ठाऊक असते. आपल्याच गावात चाळीस वर्षांपूर्वी कोणी काय गायले हे ठाऊक नसते. हा त्यांचा दोष मानता येत नाही. पुढची पिढी कानाने शिकते आणि तिच्या कानी काय पडू द्यायचे हे मागच्या पिढीने ठरवायचे असते.

झाडीपट्टीतल्या बहुतेक संहिता कधी छापल्याही जात नाहीत. लेखक हंगामासाठी लिहितो, कंपनी खेळते, नाटक गाजते किंवा पडते आणि पुढच्या वर्षी नवी संहिता येते. आज मोबाइलवर प्रयोगांचे तुकडे सापडतात, काही नाटके पूर्ण चित्रित झालेली दिसतात. हेही नसल्यापेक्षा बरेच. पण जे नाटक मोबाइल येण्याआधी होऊन गेले त्याचे काय? त्यासाठी आपल्याकडे वेळ फार उरलेला नाही. तारुण्यात ज्यांनी स्त्री भूमिका गाजवल्या ते आज सत्तरीऐंशीच्या पुढे आहेत. काहींचा आवाज गेला असेल, पण चाल विसरलेले नसतात. गुडघे धरून बसलेला म्हातारा पेटीचा सूर कानी पडला की ताठ होतो आणि पद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवतो. हे बळ आणखी दहा वर्षे आपल्या हाताशी राहीलच, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

यात सरकारची वाट पाहत बसण्यासारखे फारसे काही नाही. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांत महाविद्यालये आहेत. मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून गावातल्या एका जुन्या नटाची पदे ध्वनिमुद्रित करायला लावली, तर काही वर्षांतच झाडीपट्टीचा एक गाता संग्रह उभा राहील. कंपन्यांनी हंगामातला निदान एक प्रयोग जुन्या नाटकाचा ठेवावा, आणि तो बसवायला त्या नाटकातल्या जुन्या नटालाच बोलवावे. त्याला शाल-नारळ देऊन पुढच्या रांगेत बसवण्यापेक्षा तालमीत चूक दाखवायला बसवणे हा त्याचा खरा मान आहे. गावच्या मंडळांनी मंडईच्या रात्री पडदा उघडण्यापूर्वी आपल्या गावात पूर्वी कोणी कोणती भूमिका केली याची नावे माइकवरून वाचून दाखवावीत. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ती नावे ऐकून मंडपातला एखादा नातू आजोबांच्या पेटीवरची धूळ पुसेल. पेटीवाल्यांनी आपल्या वह्या नव्या हातांत द्याव्यात, आणि वहीबरोबर चालही द्यावी.

दरवर्षी नांदीने नाटक सुरू होते आणि आपण उभे राहून हात जोडतो. त्या वंदनात देव असतो, रंगभूमी असते. तिथेच आपल्या गावात पहिल्यांदा तोंडाला रंग लावलेल्यांनाही जागा असू द्यावी. यंदाच्या मंडईत नाटक पाहायला जाल तेव्हा दिवसाउजेडी आपल्या गावातल्या एका तरी जुन्या नटाच्या घरी जा, त्याला त्याचे एक पद म्हणायला सांगा आणि ते मोबाइलवर टिपून घ्या. पुढच्या हंगामाला ते पद गाणारा दुसरा गळा आपल्या गावात तयार असला पाहिजे, एवढेच यंदाच्या रंगभूमी दिनाचे मागणे.